हाडाला चटका बसू नये म्हणून

सातारा जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. खालची कवळी आता नीट बसत नाही. भाकरी दुधात कुस्करून खावी लागते आणि बोलता बोलता कवळी उचलली जाईल या धास्तीने त्यांनी भजनाला जाणेही सोडले आहे. घरच्यांनी इम्प्लांटसाठी दोन दवाखान्यांत चौकशी केली. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले, ‘आम्ही पाणी न वापरता अगदी सावकाश ड्रिल करतो, त्यामुळे हाड सुरक्षित राहते.’ दुसऱ्या ठिकाणी कळले, ‘आमचे ड्रिल उलट्या दिशेने फिरते, हाड काढून टाकले जात नाही, बाजूला दाबले जाते.’ शेजारच्या एका गृहस्थांनी मात्र आपले इम्प्लांट दोन महिन्यांतच निघून आल्याचे सांगून सर्वांनाच घाबरवून सोडले. भगिनी विचारतात, ‘डॉक्टर, हाडाला भोक पाडण्याच्या पद्धतीने खरोखर काही फरक पडतो का, की ही सगळी जाहिरातबाजी?’

फरक पडतो. मात्र जाहिरातीत सांगितला जातो तिथे तो फारसा नसतो. ज्याविषयी कोणी बोलत नाही तिथे असतो.

घरात फरशी बसवताना मिस्त्री संगमरवर कापतो, तेव्हा त्याचा हाताखालचा मुलगा बाटलीतून पात्यावर पाण्याची धार धरतो, हे आपण पाहिले असेल. धार थांबली की धूर निघतो, पाते तापते आणि दगडाला तडा जातो. सुताराने बोथट गिरमिट जोर लावून फिरवले की भोकाच्या कडा काळवंडतात आणि जळक्या लाकडाचा वास येतो. जबड्याच्या हाडातही घर्षणाने उष्णता निर्माण होते. परंतु दगड आणि वाळलेले लाकूड निर्जीव असते, हाड सजीव आहे. त्याच्या आत पेशी आहेत, केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या आहेत. इम्प्लांटला पुढे धरून ठेवायचे काम याच पेशींना करायचे असते. ड्रिल करताना त्या भाजल्या, तर इम्प्लांट कितीही महागडे असले तरी त्याला धरणारे कोणी उरत नाही.

किती उष्णतेने हाड भाजते, याचे उत्तर स्वीडनमधील योटेबोरी येथील एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन या संशोधकांनी १९८३ मध्ये दिले. सशाच्या हाडात बसवलेल्या पारदर्शक कुपीतून त्यांनी जिवंत हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले, तर पुढील काही आठवड्यांत तिथले हाड विरघळू लागते आणि त्याच्या जागी चरबीच्या पेशी येतात, असे त्यांना आढळले. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणजे सुरक्षित हाड आणि भाजलेले हाड यांच्यात अंतर आहे अवघे दहा अंशांचे! आपण सहज घोट घेतो तो चहासुद्धा बहुधा याहून गरम असतो.

या अंतराची जाणीव इम्प्लांटच्या जनकाला अगदी आरंभापासून होती. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे मूळचे दंतवैद्य नव्हेत. १९५२ मध्ये लुंड येथे ते सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी वापरलेली टायटॅनियमची कुपी प्रयोगानंतर काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला घट्ट चिकटले होते. या योगायोगातून पुढे सारे शास्त्र उभे राहिले. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी पहिली टायटॅनियमची दंतमुळे बसवली आणि २००६ मध्ये लार्सन यांचे निधन झाले तोवर ती कामात होती. एक्केचाळीस वर्षे! ब्रोनेमार्क यांचा आग्रह धातूइतकाच हाताच्या हळुवारपणाविषयी होता. धारदार ड्रिल, मर्यादित वेग, भरपूर सलाइन, आणि मग हिरडी शिवून खालच्या जबड्यात तीन-चार महिने व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने शांतपणे वाट पाहणे, अशी त्यांची शिस्त होती. त्यांच्याआधीही अनेकांनी जबड्यात धातू बसवून पाहिला होता. पण तो असा टिकला नव्हता.

आता प्रत्यक्ष खुर्चीत काय घडते ते पाहू. हिरडी भूल देऊन उघडली जाते. सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या ड्रिलने पहिले छिद्र पाडले जाते. नंतर थोडे जाड, मग आणखी जाड, असे टप्प्याटप्प्याने ते रुंद केले जाते. नेहमीच्या पद्धतीत ड्रिलचा वेग मिनिटाला साधारण ८०० ते १५०० फेऱ्यांचा असतो आणि ड्रिलवर सतत थंड सलाइनची धार असते. अनुभवी डॉक्टर ड्रिल एकाच जागी रेटत नाहीत. ते खाली नेतात, वर आणतात, हाडाचा भुगा बाहेर पडू देतात, पाणी आत शिरू देतात आणि पुन्हा खाली नेतात. पाहणाऱ्याला यात वेळ वाया जातो असे वाटेल. खरे तर याच क्षणभराच्या विश्रांतीत हाड निवते. ड्रिलच्या खाचांत भुगा अडकून बसला, किंवा पाते बोथट झाले म्हणून जास्त जोर लावावा लागला, तर वेग कमी असूनही हाड तापते. प्रत्येक कंपनी आपले ड्रिल किती वेळा वापरावे याची मर्यादा सांगते. ती पाळली जाते का, हा प्रश्न मला कोणत्याही नव्या तंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

यातली सर्वांत अवघड बाब ही, की भाजलेले हाड त्या वेळी ओरडत नाही. भूल दिल्यामुळे रुग्णाला काही कळत नाही. हाडाच्या आत तापमापक नसल्यामुळे डॉक्टरलाही कळत नाही. इम्प्लांट त्या दिवशी घट्टच बसते. मृत झालेला पापुद्रा शरीर पुढील काही आठवड्यांत हळूहळू काढून टाकते, तिथे मऊ तंतुमय ऊती भरते, आणि मग कधीतरी इम्प्लांट हलते.

हे मी पुस्तकात वाचून लिहिलेले नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. सारे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागलो. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी पकड असलेली कवळी द्यायची, असे ठरले. नातीचे लग्न जवळ आले होते. सरांचा जबडा वर्षानुवर्षे कवळी वापरून झिजलेला, आणि जे हाड उरले होते ते दगडासारखे कठीण. पहिले इम्प्लांट व्यवस्थित झाले. दुसऱ्याच्या वेळी ड्रिल पुढे सरकेना, म्हणून मी हाताचा जोर वाढवला. बाहेर आणखी तीन रुग्ण बसले होते. काम संपल्यावर माझे लक्ष सलाइनच्या नळीकडे गेले. ती खुर्चीच्या हाताखाली मुरगळली होती आणि धारेऐवजी थेंब थेंब पाणी येत होते. केव्हापासून, ते मला सांगता येईना. इम्प्लांट घट्ट होते. मी स्वतःची समजूत घातली.

सहा आठवड्यांनी सर आले ते गालावर हात ठेवून. इम्प्लांटला किल्ली लावली, तर ते सहज फिरले. काढून पाहिले तेव्हा त्याच्या खाचांत हाडाचा कणही नव्हता, होता तो गुळगुळीत मांसल पदर. मी त्यांना नळीची हकीकत सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, लग्नाची घाई मला होती हे खरं. पण ड्रिल करताना घाई कोणाची होती?’ सरांनी लग्नात जुनीच कवळी घातली. हाड भरून यायला आम्ही चार महिने थांबलो. नंतर नव्या ड्रिलने, थांबत थांबत दुसरे इम्प्लांट बसवले, ते टिकले. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या वेळी सलाइनच्या पिशवीकडे आणि नळीकडे पाहणे एवढेच काम असलेली एक व्यक्ती माझ्या शेजारी उभी असते.

हाडाचा प्रकारही ध्यानात घ्यायला हवा. १९८५ मध्ये लेकहोम आणि झार्ब यांनी जबड्याच्या हाडाचे चार प्रकार मांडले, ते आजही वापरात आहेत. पहिल्या प्रकारचे हाड सागवानी ओंडक्यासारखे भरीव, आणि चौथ्या प्रकारचे वरून पातळ कवच व आत जाळीदार, जवळजवळ पावासारखे. खालच्या जबड्याचा पुढचा भाग बहुधा कठीण असतो, तर वरच्या जबड्याचा मागचा भाग सर्वांत मऊ. कठीण हाडात धोका उष्णतेचा व दाबाचा. छिद्र लहान ठेवून इम्प्लांट जोराने पिळून बसवले, तर भोवतालचे हाड चेंगरते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि परिणाम भाजण्यासारखाच होतो. मऊ हाडात उलट अडचण येते. नेहमीच्या मापाचे छिद्र पाडले तर इम्प्लांट पहिल्याच दिवशी सैल बसते. म्हणून तिथे छिद्र मुद्दाम थोडे अरुंद ठेवतात.

आता पत्रातील दोन तंत्रांकडे येऊ. दोन्ही खरी आहेत. पाणी न वापरता मिनिटाला ५० ते १५० फेऱ्या इतक्या मंद गतीने ड्रिल करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार स्पेनमधील डॉ. एदुआर्दो अनितुआ यांनी केला. गती इतकी कमी असते की उष्णता फारशी वाढत नाही, आणि पाण्यात वाहून न गेलेला हाडाचा भुगा गोळा करून आवश्यक तिथे पुन्हा भरता येतो. उलट फिरणाऱ्या ड्रिलची कल्पना अमेरिकेतील डॉ. सलाह हुवैस यांची. अशा ड्रिलमुळे हाड कापले न जाता छिद्राच्या भिंतीवर दाबून बसते. मऊ हाडात याचा उपयोग होतो. कठीण हाडात आधीच दाटी असते, तिथे आणखी दाबून काय मिळवायचे? या तंत्रातही पाण्याची धार लागतेच. नेहमीची आणि मंदगती पद्धत काळजीपूर्वक वापरली, तर दोन्हींच्या यशात मोठा फरक आढळत नाही. तेव्हा ‘आमच्याकडे अमुक ड्रिल आहे’ या वाक्याने प्रभावित होऊ नये. ‘आपल्या आईंचे हाड अशा प्रकारचे आहे, म्हणून आम्ही असे करणार आहोत’ असे जे सांगतात, त्यांच्याकडे अधिक विश्वासाने पाहावे.

हिरडीचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. हिरडी हाडावर उभी असते, हे त्याचे थोडक्यात उत्तर. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात, जणू दाताभोवती घट्ट आवळलेली नाडीच. इम्प्लांटच्या धातूत ते रुतू शकत नाहीत, बहुतांशी त्याला समांतर जातात. शिवाय दाताभोवतीच्या अस्थिबंधातून हिरडीला मिळणारा रक्ताचा वाटा इम्प्लांटभोवती नसतो. त्यामुळे इम्प्लांटजवळची हिरडी मुळातच थोडी दुबळी पहारेकरी असते. हाडाची सर्वांत वरची कडा ड्रिलच्या उष्णतेने वा दाबाने झिजली, की हिरडी तिच्यामागे खाली सरकते, तिथे खोल फट तयार होते आणि त्या फटीत जंतू वस्ती करतात.

छिद्राची जागाही तितकीच महत्त्वाची. ओठाकडच्या बाजूला हाडाची भिंत पातळ असते. ड्रिल त्या बाजूला कलले आणि भिंत दीड-दोन मिलिमीटरपेक्षा पातळ उरली, तर ती भिंत विरते, हिरडी उतरते आणि दोन-तीन वर्षांनी हसताना धातूची राखाडी कड दिसू लागते. शेजारच्या दातापासून किमान दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर अंतर ठेवण्याचा संकेत आहे. खालच्या जबड्यातील मज्जातंतूपासून निदान दोन मिलिमीटर दूर राहावे लागते. हे सारे आधी त्रिमितीय स्कॅनवर मोजता येते. त्या स्कॅनवरून बनवलेला साचा तोंडात बसवून अचूक जागी ड्रिल करण्याची सोयही आता आहे. मात्र त्या साच्याच्या भोकातून पाणी नीट आत शिरत नाही, म्हणून तिथे अधिक थांबावे लागते. प्रत्येक सोयीची अशी काही किंमत असतेच.

हिरडी न उघडता तिला गोल छेद देऊन ड्रिल करण्याची पद्धत वृद्धांना आवडते, कारण सूज कमी येते आणि टाके लागत नाहीत. हाड रुंद असेल तर ती उत्तम. पण गोल छेदात घट्ट, फिकट गुलाबी हिरडीचा तुकडा कायमचा जातो. आधीच ती कमी असलेल्या रुग्णाला उरलेल्या सैल हिरडीवर ब्रश फिरवताना दुखते, मग ब्रश टाळला जातो आणि पुढचे सर्व ओघाने घडते.

ड्रिलने जे साधले ते टिकवण्याचे काम अर्थातच घरी होते. हाडाची कडा पहिल्या वर्षी थोडी उतरते. त्यानंतर ती वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी उतरावी, हा १९८६ साली मांडलेला निकष अजूनही अनेक जण प्रमाण मानतात. तंबाखू आणि मशेरी मात्र या हिशेबात बसत नाहीत. आमच्या अनेक आजी मशेरीला व्यसन मानतच नाहीत, ‘दात घासायची’ वस्तू मानतात. हिरडीच्या रक्तवाहिन्यांना हा भेद कळत नाही.

सूनबाईंना आता थेट सांगतो. सासूबाईंना खालच्या जबड्यात सहा-आठ इम्प्लांट लागतीलच असे समजू नका. पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा, असा निष्कर्ष २००२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी काढला होता. खर्च कमी, शस्त्रक्रिया लहान, आणि भजन म्हणण्यापुरती पकड भक्कम. वय ७२ आहे एवढ्यावरून नकार देण्याचे कारण नाही.

औषधांची यादी मात्र पुरती द्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेले झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन घरचे लोक सांगायला हमखास विसरतात. ‘रोजची औषधे’ विचारली की ती त्या यादीत येत नाहीत. ही औषधे घेणाऱ्यांत क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. गोळीच्या बाबतीत धोका कमी असतो, कर्करोगासाठी दिलेल्या मोठ्या मात्रेत बराच अधिक. म्हणून निर्णय दंतवैद्य आणि मूळ डॉक्टर या दोघांनी मिळून घ्यायचा असतो. रक्त पातळ करणारी गोळी कोणाच्या सांगीवांगीने बंद करू नका. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा अहवाल सोबत ठेवा.

दंतवैद्यांना विचारायला संकोच करू नका. सासूबाईंचे हाड कोणत्या प्रकारचे आहे? त्यासाठी ड्रिल कसे करणार? ड्रिल किती वेळा वापरलेले आहे? इम्प्लांट त्याच दिवशी वापरात आणणार की थांबणार? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तर ‘ते आमच्यावर सोडा’ असे आले, तर आणखी एक मत घ्यायला हरकत नाही. काम झाल्यावर बसवलेल्या इम्प्लांटची कंपनी आणि माप लिहिलेले कार्ड मागून घ्या; दहा वर्षांनी पकडीचा भाग बदलायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आणखी एक गोष्ट. हाड थंड ठेवणारे पाणी शेवटी घशाकडेच जाते. ज्यांना गिळताना ठसका लागतो, पार्किन्सनचा आजार आहे किंवा उताणे झोपल्यावर धाप लागते, त्यांच्याविषयी आधीच सांगावे. मग खुर्ची थोडी उभी ठेवता येते आणि मध्ये मध्ये थांबता येते. हात वर केला की डॉक्टर थांबतील, अशी खूण आधी ठरवून घ्या. आजींना ड्रिलच्या आवाजापेक्षा पाणी गिळण्याचीच भीती जास्त वाटते, असा माझा अनुभव आहे.

नंतर दोन-तीन दिवस ठणका आणि सूज राहणे स्वाभाविक आहे. पण कमी होत चाललेले दुखणे आठवड्याने पुन्हा वाढू लागले, किंवा भूल उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ बधिर राहिला, तर फोन करायला सोमवारची वाट पाहू नका. बधिरतेबाबत तर तासांचाही फरक पडू शकतो.

शेजारच्या गृहस्थांनाही निरोप द्यावा. निघालेल्या इम्प्लांटच्या जागी हाड पुन्हा भरून येऊ शकते. तीन-चार महिन्यांनी नवा स्कॅन काढून पाहावा, आणि आधीच्या डॉक्टरांकडून पहिल्या वेळच्या इम्प्लांटचे माप व तेव्हाचे स्कॅन मागून घ्यावेत.